आवाज पोचत नाहीये? लॅपटॉपच्या माइकचं दुखणं शोधताना

समोरचे सगळे "तुम्ही म्यूट आहात" म्हणत हातवारे करतायत, आणि इकडचा माणूस म्यूट कधीच काढून "हॅलो, हॅलो" करून थकलाय. नेमका त्याच वेळी मला फोन येतो. ऑनलाइन वर्ग आणि मीटिंगा यांची तांत्रिक बाजू सांभाळणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे माइकची ही तक्रार इतक्यांदा निस्तरलीय, की पहिली दोन वाक्यं ऐकून अंदाज येतो. तरी मी अंदाजावर विसंबत नाही, कारण तो चुकल्यावर तास-तास वाया गेलेला आहे.

तोंडातून निघालेला आवाज दुसऱ्याच्या कानात पोचेपर्यंत बरीच नाकी ओलांडतो. लॅपटॉपला पडलेलं टाचणीएवढं भोक, त्यामागचा माइक, वायर किंवा ब्लूटूथ, साउंड चिप, ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर), विंडोज किंवा मॅक, परवानगी, ॲप, आणि शेवटी इंटरनेट. यातलं कुठलंही नाकं अडलं तरी समोरून एकच ऐकू येतं, "आवाज येत नाहीये." म्हणून दिसेल ते बटण दाबत सुटू नका. पाणी कुठं मुरतंय ते आधी बघायचं.

लक्षण नीट पकडा

"माइक चालत नाही" एवढ्यावर मला काही कळत नाही. पुढच्यापैकी नेमकं काय होतंय ते बघा.

- कुठल्याच ॲपमध्ये आवाज अजिबात जात नाही. म्यूटची कळ, चुकीचा इनपुट, परवानगी, आणि मग ड्रायव्हर, या क्रमाने बघा.
- एका ॲपमध्ये जातो, दुसऱ्यात जात नाही. माइक ठणठणीत आहे. ॲपची निवड किंवा परवानगी चुकलीय.
- जातो, पण विहिरीच्या तळातून आल्यासारखा. भोक झाकलंय, किंवा तुम्ही ज्या माइकमध्ये बोलताय तो चालूच नाही, दूरचा दुसराच चालू आहे.
- खरखर किंवा सतत गुणगुण. वायर, जॅक, चार्जर.
- शब्द मध्येच गिळले जातात. गोंगाट कापणारी सोय जास्त कापतेय, किंवा नेट.
- ब्लूटूथ हेडफोन लावले की सगळंच जुन्या टेलिफोनसारखं. हा बिघाड नाही, खाली सविस्तर लिहिलंय.
- समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू जातो. दोष तुमच्या माइकचा नसून तुमच्या स्पीकरचा. हेडफोन लावा, प्रश्न मिटला.
- स्क्रीन पुढे-मागे केली की आवाज येतो-जातो. हे वाचून थेट शेवटच्या भागाकडे जा.

आधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग

मीटिंगमध्ये बसून माइक दुरुस्त करायला जाऊ नका. वीस जण बघत असताना डोकं चालत नाही, आणि समोरून "आला, आला", "गेला परत" असा गलका सुरू झाला की कशाने काय झालं त्याचा पत्ता लागत नाही. बाहेर पडा. विंडोज ११मध्ये साउंड रेकॉर्डर नावाचं ॲप असतं, विंडोज १०मध्ये त्यालाच व्हॉइस रेकॉर्डर म्हणतात, मॅकवर व्हॉइस मेमोज. दहा सेकंद बोला आणि ऐका.

या दहा सेकंदांत अर्धे संशयित सुटतात. रेकॉर्डिंगमध्ये आवाज स्वच्छ असेल, तर भोकापासून विंडोजपर्यंतची सगळी नाकी मोकळी आहेत. ड्रायव्हरला हात लावायचं कारण उरत नाही, घोळ परवानगीत, ॲपमध्ये किंवा नेटमध्ये आहे. रेकॉर्डिंग रिकामं निघालं, तर मीटिंगचं ॲप काढून परत टाकण्यात काही हशील नाही. लोक नेमकं तेच आधी करतात, कारण ॲप डोळ्यांसमोर असतं.

दुसरी युक्ती वैतागातून सापडली, आता ती मी सगळ्यांना करायला लावते. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं उघडा. इनपुटच्या भागात बोलताना हलणारी एक पट्टी दिसते. आता गप्प बसा आणि नखाने लॅपटॉपवर हलकेच खाजवत चला. आधी कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना, मग कीबोर्डच्या वर, मग बिजागरीजवळ, शेवटी हेडसेटच्या तोंडाजवळच्या दांडीवर. जिथं खाजवल्यावर पट्टी टुणकन उडी मारते, तो माइक चालू. दांडीवर खाजवलं तर पट्टी ढिम्म आणि कॅमेऱ्याशेजारी खाजवलं तर उडी, याचा अर्थ हेडसेट कानाला आहे खरा, पण ऐकतोय लॅपटॉप. विहिरीतल्या आवाजाची निम्मी कोडी इथंच सुटतात.

विनाखर्चाची तपासणी

*म्यूटची कळ.* बऱ्याच लॅपटॉपांवर वरच्या ओळीत माइकवर काट मारलेल्या चित्राची कळ असते. थिंकपॅडवर ती एफ४वर असते, इतर कंपन्यांची जागा वेगळी. तिच्यात बहुधा बारीक दिवा असतो. दिवा लागलेला असेल तर माइक *बंद* असतो, आणि माणसं इथंच फसतात. दिवा लागलाय म्हणजे चालू आहे, असं आपलं मन धरून बसतं. ॲपमध्ये म्यूट काढलेलं दिसत असतं, विंडोजमध्ये पट्टी मेलेली असते, आणि दोघांच्या मध्ये हा एवढासा दिवा.

हेडसेटच्या वायरवरच्या डबीत वेगळं म्यूट असतं. काही हेडसेटांची दांडी वर केली की माइक आपोआप बंद होतो. एका सरांबरोबर मी चाळीस मिनिटं फोनवर होते. परवानग्या झाल्या, ड्रायव्हर झाला, रीस्टार्ट झालं. शेवटी म्हटलं, "सर, जरा कॅमेरा चालू करता का?" दांडी कपाळावर होती. "दांडी खाली घ्या सर." घेतली, आणि आवाज खणखणीत. तेव्हापासून मी आधी कॅमेरा चालू करायला सांगते.

*झाकलेलं भोक.* आतला माइक बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या शेजारी एक किंवा दोन भोकांमागे असतो. कॅमेरा झाकायला लोक कागदाची किंवा प्लास्टिकची पट्टी चिकटवतात आणि तिच्याखाली माइकही जातो. आवाज मग पूर्ण जात नाही, उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा होतो, म्हणून संशय येत नाही. कव्हर, स्क्रीनवरची फिल्म, सगळं बघा. भोकात धूळ असेल तर कोरडा, मऊ टूथब्रश वरच्यावर फिरवा. टाचणी घालू नका. हवेचा फवाराही भोकावर मारू नका. आत चिपवर बसवलेला पडदा इतका पातळ असतो, की त्या झोताने तो फाटू शकतो.

*बंद झाकण.* मॅकबुक मोठ्या मॉनिटरला जोडून झाकण लावून काम करता? मग आतला माइक चालणारच नाही. ॲपल सिलिकॉनचे (म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपवरचे) सगळे मॅकबुक आणि टी२ चिप असलेले इंटेल मॅकबुक झाकण लागलं की माइक हार्डवेअरमधूनच तोडतात. सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी त्याचं बटण सापडणार नाही. झाकण उघडा किंवा बाहेरचा माइक जोडा.

*सगळं उपटा.* हेडसेट, वेबकॅम, डॉक, मॉनिटर, यूएसबीचा पसारा काढा, ब्लूटूथ बंद करा. उघड्या लॅपटॉपवर परत रेकॉर्डिंग करा. आवाज आला, तर एकेक वस्तू परत लावत जा. ज्या वस्तूपाशी आवाज जातो, ती दोषी.

*रीस्टार्ट, शटडाउन नव्हे.* हा फरक खरा आहे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलले जातात. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने चढतं. "काल रात्री बंद करून आज चालू केलाय" हे माझ्या हिशेबी रीस्टार्टमध्ये धरत नाही.

कुठला माइक निवडलाय?

एका लॅपटॉपवर चार-पाच माइक असणं आता नवल राहिलेलं नाही. आतला, वेबकॅमचा, हेडसेटचा, ब्लूटूथचा, वर एखाद्या रेकॉर्डिंग ॲपने टाकलेला आभासी. नवीन वस्तू जोडली की विंडोज बऱ्याचदा आपल्या मनाने तिला इनपुट करून टाकतं. साउंडच्या पानावर इनपुटमध्ये हवा तो माइक निवडा आणि आवाजाची पातळी बघा. मी ती ८०च्या आसपास ठेवते. त्याच माइकच्या नावावर क्लिक केलं की विंडोज ११मध्ये चाचणीचं बटण मिळतं. ते दाबून बोला, थांबवा, आणि आवाज किती टक्के पोचला ते तिथंच दिसतं.

यादीत माइकच नसेल, तर त्याच पानाच्या तळाशी मोअर साउंड सेटिंग्ज उघडून रेकॉर्डिंगच्या टॅबवर जा. रिकाम्या जागी राइट क्लिक करून शो डिसेबल्ड डिव्हायसेसवर खूण करा. कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेला माइक करड्या रंगात उगवतो, त्याला इनेबल करा. इथंच आणखी एक गोम आहे. विंडोज दोन वेगवेगळे डीफॉल्ट ठेवतं, एक सर्वसाधारण आणि एक संभाषणासाठी. रेकॉर्डर एका माइकवर आणि कॉल दुसऱ्यावर, असं त्यामुळे होतं. हिरव्या खुणा एकाच माइकवर आणून ठेवा.

त्याच खिडकीत माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये लिसन नावाचा टॅब आहे. तिथली खूण चुकून लागली असेल, तर तुमचा आवाज तुमच्याच स्पीकरमधून बाहेर पडत राहतो आणि शिट्टी वाजायला लागते. ती काढून टाका.

परवानगी

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. इथं वरून खाली तीन गोष्टी बघायच्या. संपूर्ण यंत्रासाठीची परवानगी, ॲपसाठीची, आणि खाली डेस्कटॉप ॲपसाठीची वेगळी. तिसरी लोकांच्या नजरेतून सुटते, कारण वरच्या यादीत क्रोम किंवा इंटरनेटवरून उतरवलेलं झूम सापडत नाही आणि माणूस गोंधळतो. ती सगळी तिसऱ्या बटणाखाली येतात, त्यांना वेगवेगळी बटणं नसतात. पण तिथं एक कामाची माहिती मिळते, कुठल्या ॲपने माइक शेवटचा कधी वापरला. तुमच्या ॲपपुढे आत्ता वापरात असं दिसत असेल, तर परवानगीचा प्रश्न मिटला, पुढं चला.

मॅकवर माइकची परवानगी २०१८च्या मोहावेपासून आली. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत "नको" दाबलं गेलं असेल, तर ॲप परत विचारत बसत नाही, गप्प राहतं. सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन इथं जाऊन चालू करा आणि ॲप पूर्ण बंद करून उघडा. नुसती खिडकी बंद केली तर ॲप मागे चालूच असतं. माइक वापरात असताना वर मेनूपट्टीत नारिंगी ठिपका दिसतो. ठिपका आला म्हणजे ॲप माइकपर्यंत पोचलंय.

ब्राउझरमधून मीटिंग करत असाल, तर परवानगीचा आणखी एक थर असतो. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, त्या साइटला माइक दिलाय का ते बघा आणि पान रीफ्रेश करा. काही अँटिव्हायरसही माइकवर आपली चौकी बसवतात. एवढं सगळं बरोबर असून आवाज नसेल, तर तिथं डोकावा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर ही बटणं करडी असतील आणि दाबता येत नसतील, तर ते धोरण तुमच्या आयटी विभागाने लावलेलं आहे. त्यांच्याशी बोला. आडवाटेने ते उघडायला जाऊ नका.

ॲपमधल्या खोड्या

ॲप विंडोजचं ऐकेलच असं नाही. त्याची स्वतःची ऑडिओ सेटिंग असते आणि तिथं मागच्या आठवड्यातला, आता जोडलेलाही नसलेला हेडसेट निवडलेला राहू शकतो. तिथं जाऊन माइक नाव बघून निवडा. झूममध्ये खालच्या कोपऱ्यात माइकच्या जागी जॉइन ऑडिओ दिसत असेल, तर तुम्ही मीटिंगमध्ये आहात, पण ऑडिओत शिरलेलाच नाहीत. मग म्यूट-अनम्यूटचा प्रश्नच येत नाही.

शब्द गिळले जात असतील, तर गोंगाट कापण्याची सोय कमी करा. ही सोय माणसाच्या बोलण्यासारखं नसलेलं सगळं गोंगाट समजते. बासरी शिकवणाऱ्या एका ताईंचे लांब सूर दोन सेकंद ऐकू यायचे आणि मग विरून जायचे. त्यांना वाटलं माइक गेला, त्यांनी नवा आणला, त्यातही तेच. ॲपच्या लेखी तो स्थिर सूर पंख्याच्या घरघरीसारखा होता. झूममध्ये संगीतासाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय आहे, ओरिजिनल साउंड नावाची. ती चालू केली आणि बासरी पूर्ण ऐकू आली.

वायरचा हेडसेट आणि जॅक

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक इथंच पैसे वाया घालवतात.

हेडफोनची पिन हातात घेऊन उजेडात धरा. धातूवरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे असतील, तर पिनेचे भाग तीन, म्हणजे डावा कान, उजवा कान आणि ग्राउंड (परतीची सामायिक तार). त्यात माइकला जागाच नाही. तीन पट्टे असतील तर भाग चार, चौथा माइकचा. दोन पट्ट्यांच्या हेडफोनमधून आवाज का जात नाही, याचा शोध घेणारे मला दरवर्षी भेटतात.

लॅपटॉपला एकच गोल भोक आणि तुमच्या जुन्या हेडसेटला दोन पिना, एक हिरवी आणि एक गुलाबी? मग दोन पिना एकात जोडणारा लहान जोड लागतो. नुसती गुलाबी पिन त्या एकुलत्या भोकात खुपसून उपयोग नाही.

चार भागांच्या पिनांतही दोन घराणी आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी. दोघांत माइक आणि ग्राउंड यांच्या जागा अदलाबदल केलेल्या. आजचे लॅपटॉप आणि फोन बहुतेक सगळे सीटीआयएचे, पण एखादा जुना हेडसेट दुसऱ्या घराण्यातला निघतो. ओळखायची खूण अशी: गाणं लावलं की गायकाचा आवाज गायब आणि फक्त वाद्यं पोकळ ऐकू येतात, पण वायरवरचं बटण दाबून धरलं की सगळं नीट होतं. असं झालं तर बिघाड शोधत बसू नका, घराणं जुळत नाही. दोन्ही बदलून देणारा जोड मिळतो.

पिन पूर्ण आत जातेय का तेही बघा. "टक" असा शेवटचा धक्का लागला पाहिजे. जॅकच्या तळाशी कापसासारखी धूळ दाबून बसते आणि पिन एक मिलिमीटर बाहेर राहते, मग माइकचा भाग टेकतच नाही. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा. धातूची सुई नको, आतल्या पत्र्या वाकतात. उलटंही होतं. पिन काढली तरी जॅकमधली ओळखपत्री अडकून राहते, लॅपटॉपला वाटतं हेडसेट अजून लावलेलाच आहे, आणि तो आतला माइक सोडून रिकाम्या जॅककडे कान लावून बसतो. पिन पाच-सहा वेळा आत-बाहेर केली की ती पत्री बऱ्याचदा सुटते.

आणि माझी सगळ्यात आवडती चाचणी. कुणाकडून तरी यूएसबीचा हेडसेट मागून आणा. यूएसबी हेडसेटमध्ये स्वतःची साउंड चिप असते, लॅपटॉपची चिप आणि जॅक त्यात येतच नाहीत. तो लावल्यावर आवाज स्वच्छ गेला, तर विंडोज, परवानगी, ॲप, नेट सगळे निर्दोष. उरला फक्त लॅपटॉपचा माइक, जॅक, किंवा त्यांचा ड्रायव्हर. कामाची घाई असेल, तर इथंच थांबून यूएसबी हेडसेट वापरत राहिलात तरी चालेल. आतला माइक बदलण्याच्या खटपटीपेक्षा हा रस्ता सोपा, आणि आवाजही बहुधा बरा येतो. यूएसबीच चालत नसेल, तर हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

ब्लूटूथचा टेलिफोनी आवाज

हेडफोनवर गाणं सुरेख वाजत असतं. मीटिंग सुरू होते आणि सगळं एकदम डब्यात बोलल्यासारखं. ब्लूटूथमध्ये गाण्यासाठी एक रीत आहे, ए२डीपी. ती दर्जेदार, पण एकाच दिशेची. माइक चालू झाला की दोन्ही दिशांना आवाज न्यायला हेडफोन दुसऱ्या रीतीवर जातो, हँड्स-फ्रीवर. तिथं आवाजाचे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुने घेतात. गाण्याच्या सीडीत तेच ४४,१०० असतात. फरक कानाला लगेच कळतो.

उपाय साधा आहे. ऐकायला ब्लूटूथ ठेवा आणि इनपुटमध्ये लॅपटॉपचा आतला माइक निवडा. तुम्हाला स्वच्छ ऐकू येईल, समोरच्यालाही. हेडफोन फोनशीही जोडलेला असेल तर फोनचं ब्लूटूथ बंद करा. कॉल मध्येच फोनकडे पळण्याचे प्रकार त्याने थांबतात.

बारीक आवाज, खरखर, गुणगुण

आवाज बारीक असेल, तर आधी जवळ या. माइकपासूनचं अंतर निम्मं केलं की पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते आणि खोलीचा गोंगाट होता तिथंच राहतो. मायक्रोफोन बूस्ट (माइकचा सिग्नल मोठा करणारी सेटिंग) वाढवलं की तुमच्या आवाजाबरोबर पंखाही तितकाच मोठा होतो. २० डेसिबलचा बूस्ट म्हणजे सिग्नल दहापट. मी फार तर १०वर जाते. काही लॅपटॉपांवर हा पर्याय दिसतच नाही, तेव्हा शोधत बसू नका.

सतत गुणगुण असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्डिंग करा. गुणगुण गेली तर ती विजेच्या पुरवठ्यातून येतेय. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा, नीट अर्थिंग असलेल्या. खरखर असेल, तर माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करून बघा, आणि वायर पिनेजवळ हलकी वाकवा. वाकवताना खरखर बदलली, तर वायर आतून तुटलीय. तिला सोडून द्या.

ड्रायव्हर: इथून जपून

इथपर्यंत काहीच लागू पडलं नाही आणि रेकॉर्डिंग रिकामंच आहे, तरच पुढं या. एखाद्या अपडेटनंतर दुसऱ्याच दिवशी माइक गेला असेल, तर संशय ड्रायव्हरवरच घ्यायचा.

आधी सर्व्हिसेसमध्ये (विंडोजच्या मागे चालणाऱ्या कामांची यादी) जाऊन विंडोज ऑडिओ आणि विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर रीस्टार्ट करा. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स बघा. पिवळा त्रिकोण असेल, तर ड्रायव्हर आजारी आहे. प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक दाबता येत असेल तर आधी तो करून बघा, कारण त्याने जुना, चालणारा ड्रायव्हर परत येतो. नसेल तर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, विंडोज तो परत चढवतं.

आता एक बारकावा, यात मी स्वतः एकदा दोन तास घालवलेत. बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपांत आतला माइक डिजिटल असतो, यादीत मायक्रोफोन ॲरे नावाने दिसतो, आणि तो चालतो इंटेल स्मार्ट साउंडच्या ड्रायव्हरवर. कुणी विंडोज कोरं टाकलं आणि फक्त सर्वसाधारण हाय डेफिनिशन ऑडिओचा ड्रायव्हर चढला, तर स्पीकर उत्तम वाजतात आणि माइक यादीतूनच गायब होतो. साउंड चालतोय म्हणजे ड्रायव्हर ठीक आहे, असं मीही धरून चालले होते. उपाय असा: लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर जा, आपल्या नेमक्या मॉडेलचं पान उघडा, आणि ऑडिओबरोबर चिपसेट आणि स्मार्ट साउंडचे ड्रायव्हरही उतरवा. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" देणाऱ्या साइट आणि ॲप यांच्या वाटेला जाऊ नका. एक दुखणं जातं, तीन येतात.

ऑफिससाठी बनलेल्या काही लॅपटॉपांत बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) माइक बंद करायची सोय असते. तिथं फक्त डोकवायचं, मायक्रोफोन इनेबल्ड आहे का बघायचं, आणि दुसरं काहीही न बदलता बाहेर यायचं.

कधी थांबायचं

पुढच्या गोष्टी दिसल्या की घरचे प्रयोग बंद.

स्क्रीन हलवली की आवाज येतो-जातो. माइक कॅमेऱ्याशेजारी असेल, तर त्याची बारीक वायर बिजागरीतून खाली उतरते आणि उघड-मिट करून करून ती झिजते. तिच्याबरोबरच कॅमेऱ्याची, बऱ्याचदा स्क्रीनचीही वायर असते. स्क्रीनची चौकट उचकटायला गेलात, तर माइक राहील बाजूला, पडदा फुटेल.

लॅपटॉपवर पाणी किंवा चहा सांडला होता. आठवड्यापूर्वी का असेना. लगेच बंद करा, चार्जर काढा, हेअर ड्रायर मारू नका, आणि कारागिराकडे न्या. गंज हळूहळू चढतो, आज माइक गेला तर उद्या आणखी काही.

टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय किंवा खालचं झाकण फुगलंय. ही बॅटरी फुगलीय, माइकचा विषयच सोडा. चार्ज करू नका, दाबू नका, उघडू नका.

जॅक आत हलतोय, किंवा पिनेचं टोक आत तुटून राहिलंय. बऱ्याच लॅपटॉपांत जॅक मदरबोर्डला डाग देऊन बसवलेला असतो.

लॅपटॉप वॉरंटीत आहे. मग एकही स्क्रू काढायच्या आधी कंपनीच्या सेवा केंद्राला कळवा.

दुरुस्तीला नेताना "माइक चालत नाही" एवढंच सांगू नका. यूएसबी हेडसेट चालतो की नाही, जॅकचा चालतो की नाही, आतला केव्हापासून बंद आहे, त्याच्या आधी काय अपडेट झालं किंवा काय सांडलं, हे कागदावर लिहून न्या. रिकामं आलेलं रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्येच ठेवा आणि त्यांच्यासमोर वाजवून दाखवा, कारण यंत्र दुकानात गेल्यावर नेमकं शहाण्यासारखं वागतं. कामाच्या फाइलींची प्रत त्याआधी दुसरीकडे काढून ठेवा. बोर्डाला हात लागला की डिस्कची हमी कुणी देत नाही.